मायकेल पेनिक्स: चार सीझन दुखापतीत जाऊनही पुढचे दोन कसे मिळाले?

मिरज_रेडर (सांगली)
अमेरिकन फुटबॉलमधला मायकेल पेनिक्स हा इंडियाना कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू. त्याचे 2018 ते 2021 चारही सीझन दुखापतीनं अर्धवट राहिले. कॉलेज खेळाडूला नियम चारच सीझनचा, मग वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीकडून 2022 आणि 2023 कसा खेळला? आणि उजव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा लिगामेंट) दोनदा तुटलेल्या पोराला त्यांनी घेतलं कशाच्या भरवशावर? आमच्या कबड्डी मंडळातल्या एका रेडरचं एसीएल ऑपरेशन झालंय, म्हणून विचारतोय.

कराड_एंडझोन
भावा, मूळ नियम पाच वर्षांत चार सीझन असा. 2018 ला तो तीनच मॅच खेळला. चारपर्यंत खेळलं तरी सीझन धरायचा नाही, हा रेडशर्टचा (सीझन खर्ची न घालता संघात राहण्याच्या सवलतीचा) बदल नेमका त्याच वर्षी आला होता. 2020 कोविडमुळे कुणाचंच धरलं नाही, वर मुदतही एक वर्षानं वाढली. 2021 ला पाच मॅचनंतर खांदा गेला. वैद्यकीय सवलत 30 टक्क्यांपर्यंतच मॅच झाल्या असतील तर मिळते. 12 पैकी पाच म्हणजे त्या बाहेर. म्हणजे 2019 आणि 2021 खर्ची पडले, दोन उरले.

कॉलेज बदलायचं तर खेळाडू आपल्या कॉलेजला लेखी कळवतो, कॉलेज दोन कामाच्या दिवसांत नाव ट्रान्सफर पोर्टलवर (बदली हव्या असलेल्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत) टाकतं, त्यानंतरच दुसरे कोच बोलू शकतात. यात धोका आहे: जुनं कॉलेज पुढची स्कॉलरशिप थांबवू शकतं.

भरवसा कोचचा होता. केलन डीबोर 2019 ला इंडियानाचा ऑफेन्स (हल्ल्याची बाजू) चालवायचा आणि 2021 च्या अखेरीस वॉशिंग्टनचा मुख्य कोच झाला. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच, कारण पेनिक्सला ती पद्धत नव्यानं शिकायची नव्हती. त्यानं फेकीतून 2022 ला 4,641 यार्ड मिळवले, 2023 ला 4,903. 2023 लाच वॉशिंग्टनच्या ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीला, ‘जो मूर’ हा सर्वोत्तम लाइनचा पुरस्कार मिळाला, हे विसरू नका. अंगावर माणूस कमी आला की गुडघाही वाचतो.

कृष्णाकाठ_फिजिओ (सांगली)
पेनिक्स डावखुरा. फेकताना उजवा पाय पुढं रोवला जातो आणि शरीर त्या गुडघ्यावर वळतं, डावखुऱ्या फास्ट बॉलरसारखं. त्यामुळे हाच गुडघा पुन्हा जाणं फार वाईट. दुसरी दुखापत 28 नोव्हेंबर 2020 ची, पुनरागमन सप्टेंबर 2021 च्या सुरुवातीला, म्हणजे नऊ महिने जेमतेम. आयोवाविरुद्ध त्या पहिल्याच मॅचला तीन इंटरसेप्शन (फेकलेला चेंडू विरोधकांनी झेलणं), पूर्ण सीझनमध्ये फेकीतून चार टचडाउन (गोलसारखे गुण) आणि सात इंटरसेप्शन. सगळा दोष गुडघ्याचा म्हणता येणार नाही, पण घाई दिसते.

तुमच्या रेडरसाठी: नऊ महिन्यांआधी मॅच नको. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के हवी, ती मशीनवर मोजून घ्या, अंदाजानं नको. एका पायावरच्या उडीचं अंतरही तितकंच भरावं. आधी सरळ धावणं, मग ठरवून वळणं, मग समोरच्याच्या हालचालीवर वळणं. कबड्डीत घोटा धरला गेला की पाय अडकतो आणि अंग फिरतं, म्हणून पकडीचा सराव सगळ्यात शेवटी, तोही आधी कमी वेगानं.

मिरज_रेडर
ताकद मोजायची राहिली आहे. आधी तेच करून घेतो.