भीती बसलेले सिनेमे, झोप उडवलेली पुस्तकं – तुमचे अनुभव लिहा

काल भाची मोबाइलवर 'जॉज' बघत होती. मी ओट्याशी, पडदा काही दिसत नव्हता, नुसते ते दोन सूर कानावर पडले आणि हातातलं काम थांबलं. सिनेमा १९७५चा! लहानपणी पाहिला त्यानंतर पोहण्याच्या तलावात उतरायलाही मी तयार नसायचे. तलावात शार्क कुठून येणार हे काय कळत नव्हतं थोडंच, पण पाय उचलत नव्हता. पुढे वाचनात आलं की यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पिलबर्गने पाणी, शार्कला अडकवलेली पिवळी पिंपं आणि संगीत यांवरच बराच वेळ निभावून नेलं. मला विचाराल तर सगळी भीती त्यातच आहे. आताचे भयपट पाचव्या मिनिटाला भूत समोर आणून उभं करतात. एकदा तोंड बघितलं की त्याची काय भीती?

तर लिहा. पुस्तकं चालतील, हाणामारीचे सिनेमेही चालतील.

—

नारायण धारप. विषय संपला.

—

धारपांना +१. 'लुचाई' वाचताना खिडकीकडे पाठ करून बसवेना. ती स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, म्हणून मग तेही मिळवून वाचलं. त्यात रात्री खिडकीबाहेर एक मेलेला मुलगा येतो, काचेवर नखं ओढतो आणि आत घे म्हणतो. तो प्रसंग जबरदस्तच. तरीही मला 'लुचाई'च जास्त लागली. आपल्याच भाषेत, आपल्या घरातल्यासारखं बोलणारी माणसं, आणि त्यांच्यावर हे सगळं येतं. बाळ उठलं, नंतर येते.

—

मी भयपट बघतच नाही. आधी शेवट वाचते, मग ठरवते. घरचे चिडतात, चिडू देत.

—

ताई, मग 'सायको' कसा बघणार तुम्ही? शेवट कळला की त्यात उरलं काय! हिचकॉकने तर १९६० साली सिनेमा सुरू झाल्यावर कुणाला आत सोडू नका असं थिएटरवाल्यांना बजावलं होतं. न्हाणीघरातल्या प्रसंगात रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय, सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे खपून गेलं. हे माहीत असूनही दर वेळी अंगावर येतं. व्हायोलिनमुळे.

—

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

'द शायनिंग'. सिनेमा आधी बघितला, कुब्रिकचा, १९८०चा. सुंदर आहे, पण बाप पहिल्या दृश्यापासूनच बिघडलेला वाटतो. बऱ्याच वर्षांनी स्टीफन किंगचीच मूळ कादंबरी हातात आली. त्यातला बाप दारू सोडून धडपडणारा माणूस आहे. पोरावर जीव आहे त्याचा, आणि दारूच्या नशेत त्याच पोराचा हात मोडलाय हे त्याला एक क्षण विसरता येत नाही. मी अशाच घरात वाढले. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली की आज कसे आलेत हे आम्हा भावंडांना आवाजावरून कळायचं. त्यामुळे त्या हॉटेलातली भुतं मला दुय्यमच वाटली. शेवटाकडे तो बाप क्षणभर भानावर येतो आणि मुलाला सांगतो, पळ. तिथे मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. सिनेमात तो क्षणच नाही. किंगला सिनेमा का आवडला नाही, हे मला त्या पानावर कळलं. त्याने स्वतः व्यसन भोगलंय.

भयकथा म्हणजे फालतू वाचन असं म्हणणाऱ्यांना मी हेच पुस्तक देते.

—

ताई, जिन्यावरची पावलं. आमच्याकडे फाटकाची कडी होती. अजून काही लिहवत नाही, पण वाचलं.

—

तुम्हा दोघींनाही खूप प्रेम ❤️

—

विषय बदलतो, राग नको. हाणामारीत जॅकी चॅनला तोड नाही. १९८५चा 'पोलीस स्टोरी', मॉलमधला खांब, त्याभोवती दिव्यांच्या माळा आणि हा वरून थेट खाली. तळहात भाजले होते त्याचे. सिनेमात ती उडी वेगवेगळ्या कोनांतून तीनदा दाखवलीय, आणि दाखवायलाच हवी. आता संगणकावर अख्खी शहरं पाडतात, पण कुणालाच काही लागत नाही हे आपल्याला बसल्या जागी कळत असतं.

—

बरोबर बोललात दादा. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' बघा मग, २०१५चा. बऱ्याचशा गाड्या खरोखर उडवल्यात.

—

आणि 'शोले'? मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलं म्हणून ऐन वेळी पोलीस येतात. हात तोडलेल्या माणसाला एवढं करून शेवटी थांब म्हणायचं? माझा अजून जीव जळतो.

—

'कौन' कुणीच लिहिला नाही?? एक घर, तीन माणसं, बाहेर पाऊस, गाणं एकही नाही. १९९९ साली हिंदीत हे धाडसच. उर्मिलाने काय काम केलंय!

—

'तुंबाड'. धारपांचंच बीज. खजिना सोडा, मला ती आजी आठवते. नायक मोठा होऊन वाड्यात परततो तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं, आणि ती जिवंत असते! मरण न येणं हीच शिक्षा. माझ्या आजीने अंथरुणावर फार काळ काढला, त्यामुळे ते दृश्य मी मान वळवूनच काढते.

—

'तुंबाडचे खोत'मध्ये पण भूत आहे का? घरात आहे, जाडजूड बघून हात लावला नव्हता.

—

नाही हो, ती पेंडशांची, खोतांच्या पिढ्यांची कहाणी. सिनेमाने फक्त नाव घेतलंय. पण दोन्ही खंड वाचाच.

—

बरं झालं सांगितलंत, आजच काढते.

—

रहस्यकथावाल्या बाबूराव अर्नाळकरांचं नाव अजून कसं नाही आलं? झुंजार, काळा पहाड! आमचं वाचन तिथून सुरू झालं. कुणाकडे जुन्या प्रती आहेत का?

—

आहेत थोड्या, वडिलांच्या. काहींची शेवटची पानं गेलीत. चालतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

—

पळतील! केला.