मेमध्ये आई-बाबांना घेऊन कोलोनला जातेय, चार दिवस जास्त होतील का?

कोथरूडची_लेक:
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी शिकायला म्हणून जर्मनीला गेला आणि आता कोलोनमध्ये नोकरीला लागलाय, तर मी, आई आणि बाबा मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे चाललोय. व्हिसा झाला, मुंबई-फ्रँकफर्ट तिकिटंही काढून झाली. भावाची शिफ्टची नोकरी आहे, त्यामुळे गुरुवार ते रविवार आमचं आम्हालाच फिरायचंय.

बाबा ६८ वर्षांचे, इतिहासाचं प्रचंड वेड, अजून रोज सकाळी पर्वती चढतात. आईचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं पण ताटात दिसलेलं चालत नाही. मला थोडं शॉपिंग करायचंय, पण इथे फिनिक्स मॉलमध्ये मिळतं तेच तिकडून उचलून आणायचं नाहीये.

आणि एक गोष्ट आईसाठी मनात आहे. आम्हाला ताप आला की ती कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायची, फ्रिजच्या दारात ती बाटली कायम असायची. भावाने गावाचं नाव सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न हाच होता, की कोलन वॉटरमधलं कोलन ते हेच का रे? ते जिथे बनायला लागलं ती जागा तिला दाखवता आली तर फार बरं वाटेल.

सगळे म्हणतायत की कोलोनला एक दिवस पुरे, बाकीच्या दिवसांत म्युनिक करा, स्वित्झर्लंड करा. पण आई-बाबांना घेऊन अशी पळापळ करायची माझी इच्छा नाही. तिथे राहिलेल्या कोणी नीट सांगेल का?

ऱ्हाईनकाठचा:
ताई, मी सहा वर्षं तिथे होतो, आता बाणेरला परत आलोय. चार दिवस अजिबात जास्त नाहीत, स्वित्झर्लंडचा विचार या ट्रिपपुरता सोडा.

आधी ट्रेनचं सांगतो. फ्रँकफर्ट एअरपोर्टच्या खालीच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, तिथून आयसीई ही जलद गाडी साधारण तासाभरात कोलोनला पोचवते. फक्त तिकीट काढताना बघा, काही गाड्या मेन स्टेशनला न जाता ऱ्हाईन नदीअलीकडच्या डॉइट्झ स्टेशनवरच थांबतात. शक्यतो मेन स्टेशनचीच घ्या, कारण त्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की डोम, म्हणजे तिथलं प्रचंड मोठं चर्च, समोर उभा असतो, अक्षरशः अंगावर येतो. मान पूर्ण मागे टाकली तरी टोक दिसत नाही. १५७ मीटर उंच, काळपट दगड, आणि कुठे ना कुठे परांची बांधलेली असतेच, कारण एका बाजूची डागडुजी होईपर्यंत दुसरीकडचा दगड झिजलेला असतो.

बाबांना हे नक्की सांगा. बांधकाम सुरू झालं १२४८ साली, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव होते आणि माउलींचा जन्म व्हायला अजून २७ वर्षं होती. सोळाव्या शतकात काम थांबलं, आणि अर्धवट बुरुजावर लाकडी क्रेन तशीच शेकडो वर्षं उभी राहिली. १८४२ ला पुन्हा हात घातला आणि १८८० ला पूर्ण झालं, ज्या वर्षी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं त्याच वर्षी! मी तिथे पाहुण्यांना हे सांगायचो तेव्हा त्यांना तो काळ पटकन डोळ्यासमोर यायचा, नुसता आकडा सांगून काही कळत नाही. आणि एवढं मोठं देऊळ उभारलं कशासाठी, तर ११६४ मध्ये मिलानहून आणलेल्या, बाळ येशूला भेटायला आलेले म्हणतात त्या तीन राजांच्या अस्थींसाठी. त्यांची सोन्याने मढवलेली पेटी आत वेदीच्या मागे आहे. त्या अस्थींमुळे ते युरोपातलं मोठं तीर्थक्षेत्र झालं, लांबलांबून यात्रेकरू चालत यायचे. आपल्या आईवडिलांना हे लगेच समजतं, वारीचं उदाहरण दिलं की पुरे.

दक्षिण बुरुजावर चढायला ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. पर्वतीच्या १०३ धरल्या तर पाच पर्वत्या झाल्या, जिना गोल आणि अरुंद, वर जाणारे खाली येणारे एकाच जिन्यावर. बाबांना जमेल, पण त्यांच्यासोबत तुम्ही जा. तेवढा वेळ आईंना आत बाकावर बसू दे, त्यांच्यासाठी आतलंच जास्त सुंदर आहे. दक्षिणेकडे गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराने केलेली काचेची मोठी खिडकी आहे, २००७ ची, छोट्या छोट्या चौकोनांची, ७२ रंग. दुपारी ऊन असेल तर ते रंग खाली फरशीवर आणि खांबांवर सांडतात. माझी आई आली होती तेव्हा तिच्या पांढऱ्या शालीवर हिरवे-निळे ठिपके पडले होते आणि ती ते हातावर घेऊन बघत बसली होती, बराच वेळ काही बोललीच नाही. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

वरून शहर बघायचं असेल तर आईंना नदीपलीकडे डॉइट्झला ट्रँगल टॉवरवर न्या, तिथे लिफ्ट आहे, आणि डोमवर उभं राहून डोम दिसत नाही पण इथून तो नदीसकट दिसतो. येताना होहेनझोलर्न पुलावरून चालत या. कठड्याला प्रेमी जोडप्यांची कुलुपं लटकलेली आहेत, एवढी की जाळी दिसत नाही, आणि शेजारून सतत ट्रेन जात असतात, पूल पायाखाली थरथरतो. मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवून सावकाश निघा.

सुगरण_काकू:
अगं आईची काळजी करू नकोस, मी स्वतः शाकाहारी आणि लेकीकडे तीन महिने राहून आलेय. एकच शब्द पाठ कर, श्पेक. म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते परतलेल्या बटाट्यात, सॅलडमध्ये, सूपमध्ये कुठेही असतात आणि मेन्यूत दरवेळी लिहिलेलं नसतं. ऑर्डर देताना 'ओने श्पेक, ओने फ्लाइश', म्हणजे श्पेक नको, मांस नको, असं स्पष्ट म्हणायचं.

तिथला खास पदार्थ म्हणजे राइबेकूखन. कच्चा बटाटा किसून तव्यावर भरपूर तेलात कुरकुरीत तळतात आणि सोबत सफरचंदाचा गोड मुरंबा. आपल्या बटाट्याच्या थालीपिठाची आठवण येते. त्यात अंडं असतं पण दिसत नाही, म्हणजे तुझ्या आईच्या नियमात बसतं. गरमच खायचा, गार झाला की मऊ पडतो. आणि हाल्वे हान नावाला घाबरू नका, नावाचा अर्थ अर्धा कोंबडा पण येतो राईचा पाव, जाड चीझ, कांदा आणि मोहरी. हिमेल उन एड मात्र नको, त्यात बटाटा आणि सफरचंदासोबत रक्ताचं सॉसेज असतं. मेमध्ये पांढरं अस्पॅरॅगस असतं, २४ जूनपर्यंतच मिळतं, बटाटे आणि वितळलेलं लोणी घालून देतात, तेही हॅमशिवाय मागायचं.

हॉटेलात पाणी विकत असतं आणि साधं पाणी मागितलं तरी सोड्याचं येतं, म्हणून 'श्टिलेस' म्हणायचं. घरी नळाचं पाणी बिनधास्त प्या. दुकानातून घेतलेली प्लास्टिकची बाटली फेकू नका, २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की पावती मिळते. आणि भावासाठी मेतकूट आणि गोडा मसाला ने गं, बाकी भाज्या तिथे मिळतात.

पेठेतला_प्रवासी:
मी थोडं वेगळं सांगतो. चारही दिवस कोलोनमध्ये नका घालवू, एक दिवस ड्युसेलडॉर्फ करा. ट्रेनने अर्धा तास. नदीकाठची फिरायची जागा कोलोनपेक्षा जास्त मोकळी आहे, आईंना सपाट चालायला सोपी, आणि इमरमानश्ट्रासे भागात जपानी लोकांची वस्ती, त्यांची दुकानं, बेकऱ्या, सगळं बघण्यासारखं. फक्त कोलोनच्या माणसासमोर ड्युसेलडॉर्फचं कौतुक करू नका, दोन्ही गावांची बिअरवरून पिढ्यान्‌पिढ्या चढाओढ आहे, इकडे फिकट सोनेरी क्योल्श, तिकडे गडद आल्ट.

ऱ्हाईनकाठचा:
ड्युसेलडॉर्फ छान आहे पण बाबांना इतिहास आवडतो तर मी उलट दिशेला बॉनला पाठवेन, तेही अर्ध्या तासावर, बीथोवन १७७० मध्ये जिथे जन्मला ते घर आहे. आणि क्योल्शवरून आठवलं, बाबा घेत असतील तर डोमजवळच्या जुन्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर पाजणाऱ्या खानावळीत, न्या. ग्लास फक्त २०० मिलीचा, आणि संपला की वेटर न विचारता दुसरा ठेवून खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने रेघ मारतो. नको असेल तर पुठ्ठा ग्लासवर ठेवायचा, तोपर्यंत येतच राहतात. हे माहीत नसेल तर बिल बघून दचकायला होतं.

कोथरूडची_लेक:
मंडळी किती छान सांगितलंत, बाबांना माउलींचं वाचून दाखवलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं! ५३३ पायऱ्या ऐकून तर ते उद्यापासून पर्वती दोनदा चढणार म्हणतायत. कोलन वॉटरबद्दल आणि शॉपिंगबद्दल कोणी सांगेल का?

लक्ष्मीरोडवाली:
मी सांगते, कारण त्या गावात मी हेच केलं. कोलन वॉटरच्या दोन जागा आहेत. एक रथाउसजवळ, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीजवळ, फरीनाचं घर, १७०९ पासूनची पेढी, इटलीहून आलेल्या कुटुंबाची. तिथे सुगंधाचं म्युझियम आहे, आधी बुकिंग करून जा, लिंबू-संत्र्याच्या सालीचे अर्क वास घ्यायला देतात. दुसरी ग्लोकेनगासेमधली ४७११, हा आकडा म्हणजे फ्रेंचांच्या काळात त्या घराला मिळालेला नंबर. दुकानात कोलन वॉटरचं कारंजं आहे, त्यात बोटं बुडवता येतात. आईंना तिथे आधी न्या, तुम्ही म्हणताय तो घड्यांचा वास मला तिथेच आला होता. मोठी बाटली घेतलीत तर चेक-इन बॅगेत टाका, १०० मिलीच्या वरची केबिनमध्ये चालेलच असं नाही.

होहे श्ट्रासे आणि शिल्डरगासे म्हणजे त्यांचा लक्ष्मी रोड, सगळे ब्रँड, तुम्हाला नको असलेलं सगळं तिथे मिळेल. त्यापेक्षा एहरेनश्ट्रासे आणि बेल्जियन क्वार्टरमधली छोटी दुकानं बघा. आणि स्वयंपाकघरासाठी झोलिंगेनची सुरी घ्याच, ते गाव कोलोनच्या जवळच आहे आणि धारेच्या कामासाठी नावाजलेलं. माझ्याकडची सुरी आठ वर्षं झाली, अजून टोमॅटो न दाबता कापते. तीसुद्धा चेक-इनमध्येच.

दोन गोष्टी मनावर घ्या. रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद, त्यामुळे शॉपिंग शुक्रवार-शनिवारी आणि रविवारी म्युझियम किंवा बोट. चॉकलेट म्युझियम नदीतच आहे, आईंना आवडेल. आणि तुमचा गुरुवार कॅलेंडरवर बघून घ्या, ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येणाऱ्या गुरुवारी सार्वजनिक सुट्टी असते, मेमध्ये येते बऱ्याचदा.

दुसरं टॅक्स फ्री. एका दुकानात ५० युरोच्या वर खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून फॉर्म मागायचा, १९ टक्के करातला बराचसा भाग परत मिळतो. पण एअरपोर्टवर कस्टमचा शिक्का लागतो आणि ते वस्तू बघायला मागू शकतात. मी बॅग आधी चेक-इन करून टाकली आणि मग शिक्क्याच्या खिडकीशी गेले, वस्तू नाहीत तर शिक्का नाही, सगळे फॉर्म हातातच राहिले. तुम्ही चेक-इन काउंटरवर आधीच सांगा की बॅगेत टॅक्स फ्री सामान आहे, टॅग लावून बॅग परत देतात, ती कस्टमला दाखवून मग तिथूनच जाते. फ्रँकफर्टला यासाठी किमान तासभर जास्त धरा, आई-बाबांना बसायला जागा बघून ठेवा आणि रांगेत तुम्ही एकट्या उभ्या राहा.

कोथरूडची_लेक:
आत्ताच बघितलं, आमचा गुरुवार सुट्टीचाच निघाला! मग गुरुवारी डोम आणि पूल, शुक्रवारी सकाळी आधी ग्लोकेनगासे. आईला कारंज्याचं अजून सांगितलेलं नाही, तिथे गेल्यावरच कळू दे.