परागकणांच्या साक्षीवर कुणाला शिक्षा व्हावी का?

उंबराचं_फूल
१९५९ साली ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या प्रवासात एक माणूस बेपत्ता झाला. ना प्रेत, ना साक्षीदार. संशयिताच्या बुटांना चिखल होता, तेवढाच काय तो धागा. व्हिएन्ना विद्यापीठातल्या विल्हेल्म क्लाउस यांनी तो चिखल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात स्प्रूस, विलो, आल्डर या झाडांचे ताजे परागकण होते आणि सोबत हिकरी या झाडाचे सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म कण. असं मिश्रण व्हिएन्नाच्या उत्तरेला नदीकाठच्या एका छोट्याशा पट्ट्यातच मिळत होतं. ती जागा तोंडावर सांगितल्यावर संशयिताचं अवसान गळालं आणि प्रेत कुठे पुरलंय ते त्यानेच दाखवलं.

साक्षीदार फितूर होतात, परागकण होत नाहीत. त्यांचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की प्रयोगशाळेत नमुना साफ करायला चक्क हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. वाळू विरघळते, कण शाबूत राहतो. माझ्या मते या पुराव्याला बोटांच्या ठशांइतकंच वजन मिळायला हवं.

वादी_प्रतिवादी
ठशांशी तुलना अजिबात पटली नाही. ठसा माणसाचा असतो, परागकण फार तर जागेचा. तोही नेहमी नाही. पाइनचे कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. ते बुटाला सापडले तर एवढंच सिद्ध होतं की बूट या पृथ्वीवर वापरला गेला.

आणि तुमच्या गोष्टीत गुन्हा उलगडला तो कबुलीमुळे. परागकणांनी पोलिसांना दिशा दिली, ते मलाही मान्य. पण दिशा देणं वेगळं, दोषी ठरवणं वेगळं.

झोपाळू
धागा वाचला आणि उठून बूट धुतले. उगाच.

काजवा
@झोपाळू, शिवणी राहिल्या. कण तिथेच बसतात. :)

@वादी_प्रतिवादी, एकट्या पाइनवर कुणी निष्कर्ष काढत नाही. एका नमुन्यात दोनतीनशे कण मोजतात आणि कोणत्या वनस्पती कोणत्या प्रमाणात आहेत ते पाहतात. कीटकांमार्फत परागीभवन होणाऱ्या झाडांचे कण थोडे असतात आणि सहसा झाडापासून लांब जात नाहीत. ते सापडले तर माणूस झाडाला घासून गेला असण्याची शक्यता बरीच वाढते.

काळही कळतो. १९९४ साली जर्मनीत माग्डेबुर्गला ३२ सांगाड्यांची सामूहिक कबर सापडली. १९४५च्या वसंतात गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी मारलेली माणसं, की पूर्व जर्मनीतल्या जून १९५३च्या उठावानंतर सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारलेली? राइनहार्ड सिबोर यांच्या गटाने कवट्यांच्या नाकपोकळ्या तपासल्या. काहींमध्ये प्लँटेन (केळं नव्हे, एक रानटी रोप), लिंडेन हे झाड आणि राय हे धान्य यांचे परागकण भरपूर निघाले. हे सगळं फुलतं ऐन उन्हाळ्यात. म्हणजे शेवटचे श्वास जूनजुलैतले. वसंताचा तर्क बाद झाला.

वादी_प्रतिवादी
सुंदर काम, वादच नाही. पण तिथे पिंजऱ्यात कुणी उभं नव्हतं. चूक झाली असती तर इतिहासाचं एक पान दुरुस्त करावं लागलं असतं. खटल्यात चूक झाली तर एका माणसाचं आयुष्य जातं.

केसांचं काय झालं आठवा. सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळवणारे तज्ज्ञ वर्षानुवर्षं छातीठोक साक्ष देत होते. २०१५ साली एफबीआयने स्वतःच मान्य केलं की तपासलेल्या जुन्या साक्षींपैकी ९० टक्क्यांहून अधिक साक्षींमध्ये चुकीची विधानं होती. तेव्हाही सगळ्यांना वाटत होतं, केस खोटं बोलत नाही. केस नाहीच बोलत हो, तज्ज्ञ बोलतो.

उंबराचं_फूल
शेवटचं वाक्य लागलं. तरी एक खटला सांगतो. १९९२, ॲरिझोना. एका बाईचा खून. संशयिताच्या पिकअप ट्रकमध्ये पालो व्हर्डे झाडाच्या दोन शेंगा मिळाल्या, आणि घटनास्थळी अशाच एका झाडाला ताजं खरचटलेलं होतं. वनस्पतींच्या जनुकांचे अभ्यासक टिमोथी हेलेंटजारिस यांनी शेंगांचा डीएनए त्या झाडाशी जुळवला. शेजारच्या इतर पालो व्हर्डेंशी तो जुळला नाही. आरोपी दोषी ठरला. इथे तर नुसती जागाही नाही, नेमकं झाड सापडलं!

वादी_प्रतिवादी
छान उदाहरण दिलंत, पण अर्धंच सांगितलंत. दुसरं झाड योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, यावर दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचे आकडे जुळेनात. न्यायाधीशांनी 'जुळतं' एवढंच ज्यूरीपुढे येऊ दिलं, आकडा नाही. त्या जातीच्या झाडांमध्ये डीएनए किती वेगवेगळा असतो याचा साठाच कुठे होता? माणसांच्या डीएनएसाठी तो पुढे उभा राहिला. रानातल्या झाडांसाठी कोण करणार?

काजवा
आकडा गाळला हे योग्यच झालं. मला खरी भीती प्रयोगशाळेच्या आधीची वाटते. पोलिसाने घटनास्थळी फिरून त्याच बुटांनी आरोपीच्या गाडीत पाय ठेवला तर? आसपासच्या मातीचे तुलनेचे नमुने त्याच दिवशी घेतले नाहीत तर? महिन्याभराने फुलोरा बदललेला असतो. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

उंबराचं_फूल
बरं, 'ठशांइतकं वजन' हे मागे घेतो. शेंगा मात्र सोडत नाही. त्या बाईला आपण गाडीत घेतलं होतं हे आरोपीला मान्य होतं, पण त्या जागी गेलो नाही असं तो म्हणत होता. मग शेंगा ट्रकमध्ये चढल्या कशा?

वादी_प्रतिवादी
तो प्रश्न रास्त आहे. पण आरोपीचा पेजरही घटनास्थळी सापडला होता ना? पेजर नसता, नुसत्या दोन शेंगा असत्या, तर तुम्ही दोषी म्हटलं असतंत?

उंबराचं_फूल
...नसतं म्हटलं.