ओझरची धावपट्टी: एकदाच बंद ठेवायची की रोज रात्री थोडी थोडी?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)
2022 साली आपल्या नाशिकचा ओझरचा विमानतळ धावपट्टीच्या कामासाठी 20 नोव्हेंबरपासून चौदा दिवस पूर्ण बंद होता. माझं दिल्लीचं तिकीट नेमकं त्यातच. पैसे परत मिळाले, पण पहाटे तीनला कसारा घाट उतरून मुंबई गाठावी लागली. ऑगस्ट 2027 मध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. त्याआधी पुन्हा डांबरीकरणाची वेळ आली तर सगळं बंद करू नये, रात्री काम करावं, दिवसा विमानं उडू द्यावीत असं माझं मत. मुंबईला इतकी रहदारी असून धावपट्टीची कामं होतातच ना?

रोलर_आणि_डांबर
मुंबईला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, आणि पावसाळ्याआधीच्या डागडुजीला त्याही काही तास बंद ठेवतात. ओझरला दुसरी समांतर धावपट्टी करायचं ठरलंय, पण ती वापरात येईपर्यंत भिस्त एकीवरच.

रात्रीच्या कामाबद्दल थोडं सांगतो, रस्त्याच्या कामात आयुष्य गेलंय. हातात आठ तास असले तरी यंत्रं आत आणण्यात आणि पहाटे बाहेर काढण्यात त्यातला बराच वेळ जातो. डांबर गरम असतानाच दाबावं लागतं. त्या रात्रीचा थर जिथे संपतो तिथे उतार करून द्यायचा, नाहीतर सकाळी विमानाचं चाक पायरीवर आपटणार. दुसऱ्या रात्री तोच उतार खरवडून पुढे जायचं. वर एकही खडी राहिली नाही ना हे बघत अख्खी पट्टी तपासायची, कारण इंजिनाने खडी ओढली की संपलं. चौदा दिवसांचं काम असं कित्येक महिने रेंगाळतं.

पुणेरी_पाहुणा
आमचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा. तिथे ऑक्टोबर 2020 पासून रात्रीची उड्डाणं बंद ठेवून काम चाललं. वर्षभराने, 16 ते 29 ऑक्टोबर 2021, पूर्ण बंद ठेवावाच लागला. म्हणजे दोन्ही सोसलं!

पिंपळगावचा_बागायतदार
ओझर एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं आहे हे विसरू नका. सुखोई लढाऊ विमानांचं काम तिथंच चालतं. मालकानं घर रंगवायला काढल्यावर भाडेकरूनं कोणत्या तोंडानं कुरकुर करायची?

सातपूर_उद्योजक
भाडेकरूने कुरकुर नाही, पण चौकशी तरी करावी! गिऱ्हाईक बंगळुरूहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जातं, तेव्हाच ऑर्डर मिळते. चौदा दिवस म्हणे. एकदा ते गिऱ्हाईक पुण्यातल्या कारखान्यात गेलं की परत नाशिकला कशाला येईल? शिवाय द्राक्ष निर्यातीचंही नुकसान आहेच.

पिंपळगावचा_बागायतदार
दादा, द्राक्षाचं नाव मध्ये नको. आमचा बहुतेक निर्यातीचा माल शीत कंटेनरमधून न्हावाशेव्याला जातो, तिथून बोटीनं. तेही जानेवारी ते एप्रिल. नोव्हेंबरात बागेत मणी असतात, विमानात चढायला काही नसतं.

गंगापूररोडकर
द्राक्षांचं मान्य. लोहगावचं उदाहरणही पटलं, तरी सातपूरकरांचा मुद्दा उरतोच. माझ्या आईला व्हीलचेअर लागते. तिला इथून विमानात बसवणं आणि गाडीत पाच तास बसवून मुंबईला नेणं यात फरक आहे.

समृद्धी_भक्त
पाच तास कुठले? जून 2025 पासून इगतपुरी ते आमणे समृद्धी सुरू आहे. घाटाचं रडगाणं संपलं.

सातपूर_उद्योजक
आणि आमणेपासून पुढे भिवंडी-ठाणे काय विमानाने जायचं?

नाशिकरोडची_मुलगी
😄 आईंसाठी शिर्डीचा विमानतळ बघा ना. तो काकडी गावात आहे, तिथपर्यंत सिन्नरवरून रस्ता बरा आहे. पण तिकडे जाणारी जादा बस कोणी आधी जाहीर करत नाही. बंद ठेवण्यापेक्षा माझा राग त्यावर जास्त आहे.

रोलर_आणि_डांबर
महिना कुठला, ते महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा विषयच नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कुठे उतरतो ते माहीत आहेच, थंडीत डांबर दाबायच्या आत निवतं. कोरडी हवा आणि ऊन मिळतं ते नोव्हेंबरच्या पूर्वार्धात, नाहीतर मार्चनंतर.

सातपूर_उद्योजक
मार्च नको, वर्षअखेर असते. नोव्हेंबर चालेल, पण दिवाळी टाळून. आणि तारखा तीन महिने आधी हव्यात. तेवढं मिळालं तर गिऱ्हाइकाला मीच पुढची तारीख देईन.

गंगापूररोडकर
तीन महिने आधी कळणार असेल तर चौदा दिवस बंद ठेवायला माझी हरकत मागे. फक्त त्याच पंधरवड्यात महामार्गावरचा द्वारका चौक खणायला घेऊ नका म्हणावं.