अनुभव धागा : आरसी २०० की आरसी ३९०? ज्यांनी चालवलीये त्यांनीच लिहा

भाच्याला नोकरी लागली आणि पहिला पगार हातात यायच्या आधीच त्याचं ठरलंय की केटीएमची आरसी बाईक घ्यायची. सेकंडहँड घेणार, पैसे त्याचेच, पण २०० की ३९० यावर घरात रोज वाजतंय आणि ताई म्हणते मामाने काय ते ठरवावं. कागदावरचं मला पाठ झालंय, १९९.५ सीसी आणि २५ पीएस (म्हणजे इंजिनाची ताकद), तिकडे ३७३ सीसी आणि ४३.५ पीएस, दोन्ही २०१४ च्या सप्टेंबरात बरोबरच आल्या, दोन्ही चाकणला बनतात, दोन्हीला एकच सिलिंडर, टायरची मापंसुद्धा तीच, पुढे ११० मागे १५०. लांबून स्टिकर वाचल्याशिवाय कळतही नाही कोणती आहे ती. त्यामुळे व्हिडिओतलं टॉप स्पीड इथे नको. रोज ऑफिसला, घाटात, पावसात, मागे माणूस बसल्यावर आणि खिशाला काय होतं ते सांगा. दोन्ही वापरल्या असतील तर फारच छान. आणि कृपा करून "त्यापेक्षा बुलेट घे" असं कुणी लिहू नका.

घाटातला पुणेकर :
दोन्ही वापरल्यात, आधी २०० आणि मग ३९०, दोन्ही पहिल्या पिढीच्या. २०० चं इंजिन खाली झोपलेलं असतं. सहा-सात हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्यांच्या) वर गेलं की जागं होतं, पूर्ण २५ पीएस मिळतात ते तर थेट दहा हजाराला. त्यामुळे पसरणीच्या घाटात पुढे एसटी आहे आणि समोरचा रस्ता मोकळा दिसला की दोन गिअर खाली टाका, आरपीएम वर चढू द्या, मग निघा, आणि तोवर पुढचं वळण आलेलं असतं. ३९० वर आहे त्याच गिअरमध्ये मनगट फिरवलं की एसटी मागे. ओव्हरटेक करताना समोरच्याच्या लेनमध्ये आपण जितका वेळ कमी तितकं बरं, मला विचाराल तर जादा पैसे मोजायचं हे एकच खरं कारण आहे, बाकी सगळं कट्ट्यावर सांगायला.

पण सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता बरोब्बर उलटं. ३९० ला तीन-साडेतीन हजाराच्या खाली चालायला आवडत नाही, वरच्या गिअरला खडखडते, धक्के देते, म्हणून पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, घरी पोचेपर्यंत डावा हात गेलेला असतो. २०० तिथे निवांत सरकते. वजनालाही हलकी.

मनगटं मात्र दोन्हीवर सारखीच भरतात, पहिल्या पिढीत हँडल फारच खाली आहे. नव्यात (२०० ऑक्टोबर २०२१ ला आली, ३९० मे २०२२ ला) ते वर घेतलंय आणि आधी जेमतेम साडेनऊ-दहा लिटरची टाकी होती ती १३.७ झाली, हे लांब जाणाऱ्याला सीसीपेक्षा जास्त कामाचं. ३९० घाटात पिळली की पंचवीसच्या आसपासच देते, जुन्या टाकीवर पंप शोधतच फिरायचं.

डुगडुग :
त्यापेक्षा बुलेट घे.

धागाकर्ता :
आलात का. या, बसा.

मागे बसणारी :
मी चालवत नाही, मी मागे बसते, तोही अनुभवच की. आरसीचं शेपूट पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हे नुसतं प्लास्टिकचं कव्हर आहे, मी बसू कुठे? नवरा म्हणाला दाबून बघ. दाबलं तर खरंच फोम! आमची ३९० आहे, दिराची २००, दोन्हीवर बसलेय आणि बसायला दोन्ही एकसारख्याच, म्हणजे उंच, पुढे उतार, आणि जोरात ब्रेक लागला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक्क. वाईपर्यंत ठीक आहे, महाबळेश्वर म्हटलं की मी मैत्रिणीच्या कारने जाते. फरक चढावर कळतो. दिराच्या गाडीवर आम्ही दोघं असलो की खंबाटकीत तो बोलायचा बंद होतो आणि नुसते गिअर पाडत बसतो. ३९० वर माझा नवरा म्हणतो तू बसलीयेस हे गाडीला कळतच नाही. हे कौतुक समजायचं का काय ते मी अजून ठरवलेलं नाही.

बाकी ते साडी गार्ड दिसायला बरं दिसत नाही म्हणून पोरं पहिल्या आठवड्यात काढून टाकतात, ते काढू देऊ नका. मागे ओढणीवाली कुणीतरी बसणारच आहे आज ना उद्या.

कोल्हापूरकर :
भावा रस्त्यावर काय बी कळत न्हाई, ट्रॅकवर या. आमच्याकडं मोहित्यांच्या ट्रॅकवर दोन्ही फिरवल्यात. ट्रॅक मुळात कार्टिंगचा, आखूड, वळणावर वळण. तिथं २०० वाला जरा हाताचा असंल तर ३९० वाल्याला चिकटून असतोय, का तर टायरचं माप तेच, वजन कमी, आन् वळणातनं बाहेर पडताना त्याला थ्रॉटल पूर्ण उघडता येतोय, ३९० वाला जपून जपून. ३९० वर नवखं पोरगं काय करतंय, भ्यालं की लवकर ब्रेक मारतंय, वळण हळू काढतंय, आन् मग सरळ पट्ट्यावर गाडी सगळं भरून काढती. पोराला वाटतंय आपण लई भारी. २०० असलं काय लपवू देत न्हाई, वळणात स्पीड सोडला की गेला तो, परत मिळवायला पुढचं वळण येतंय.

चेन्नईच्या ट्रॅकवर मात्र येगळं, ३.७ किलोमीटरचा लॅप, मोकळे पट्टे, तिथं २०० नं ३९० ची नुसती पाठ बघायची. पण भाचा काय चेन्नईला निघालेला न्हाई. शिकायचं असंल तर २०० घे म्हणावं. आन् नुसतं मिरवायचं असंल तर मग २०० च घे म्हणावं, दिसतीय तीच की.

हिशेबी :
इथे सगळे घाटाचं बोलतायत, मी पावत्यांचं बोलतो. ३५० सीसी ही सरकारची रेघ आहे आणि ३९० त्या रेघेच्या पलीकडे फक्त २३ सीसीने जाते. थर्ड पार्टी इन्शुरन्सचे जून २०२२ ला लागू झालेले दर बघा, १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४, म्हणजे सरळ दुप्पट, आणि सेकंडहँड घ्या नाहीतर नवी घ्या, हे भरायचंच. त्यावर जीएसटी वेगळा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग वेगळा.

नव्या गाडीवरचा कर तर २२ सप्टेंबर २०२५ पासून अजूनच फाटलाय, ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि वर ४०. आधी हाच फरक २८ आणि सेस धरून ३१ इतका होता. तुम्ही जुनी घेताय तर म्हणाल मला काय, पण याचा फायदा उचला. लहान नव्या गाड्यांवरचा कर दहा टक्क्यांनी उतरलाय, मग जुन्या २०० चा मालक दोन वर्षांपूर्वीचा भाव सांगत असेल तर त्याला हे शांतपणे ऐकवायचं. ३९० वाल्यासमोर ही युक्ती चालणार नाही.

आणि चौपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादा ८० ची आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकी नाही, समृद्धीवर नाही, अटल सेतूवर नाही. मग हे ४३ पीएस नेमके कुठे खर्च करणार? ई-चलानवर?

घाटातला पुणेकर :
हिशेबीकाका, ८० पर्यंत पोचायला किती वेळ लागतो त्यावरही काही कर आहे का? मजा त्यातच असते हो.

म्युनिकहून :
इथली पद्धत सांगतो, उपयोग होईल. जर्मनीत सोळाव्या वर्षी ए१ लायसन्स, त्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॅट एवढंच. अठरा झाले की ए२, त्यात ३५ किलोवॅटपर्यंत. मोठी हवी असेल तर ए२ वर दोन वर्षं काढा आणि पुन्हा परीक्षा द्या, नाहीतर थेट चोविसाव्या वर्षी या. ३९० चे ४३.५ पीएस म्हणजे ३२ किलोवॅट, त्यामुळे इथे ती ए२ वाल्यांची, म्हणजे दुसऱ्या पायरीची गाडी समजतात. आरसी १२५ वरून ३९० वर आलेली पोरं इथे दिसतात, आणि गंमत म्हणजे ती गाडी आमच्या चाकणहून इथे येते हे त्यांना सांगितलं की खरं वाटत नाही. आपल्याकडे अठरा पूर्ण झाले की गिअरवाल्या गाडीचं एकच लायसन्स, शंभर सीसी पण त्यावर आणि हजार सीसी पण त्यावरच. पायऱ्या सरकारने ठेवल्या नाहीत तर त्या मामाने ठेवाव्या असं माझं मत. भाचा आधी काय चालवत होता ते लिहिलंच नाही तुम्ही.

धागाकर्ता :
कॉलेजभर आईची ॲक्टिव्हा. कधीमधी मित्राची पल्सर.

म्युनिकहून :
मग माझं उत्तर २००.

नागपूरवाला :
भाऊ, मे महिन्यात इथं पंचेचाळीस डिग्रीत सिग्नलवर उभे राहून पाहा मंग ३९० चं बोला. मोठं सिलिंडर, वरून फुल फेअरिंग म्हणजे चारीकडून प्लास्टिकचं आवरण, एकदा रेडिएटरचा फॅन लागला की गरम हवा सरळ पायाले. मी जीन्स घालून बी मांडी उचलून बसतो. २०० चा बी फॅन लागते, पण एवढं नाही भाजत. अन् एकदा वर्धा रोडले लागलं, गाडी पळाली, की सारं माफ. मी तं ३९० च घेऊन राह्यलो परत, नवीनवाली, तिच्यात क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर) आहे अन् चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल बी, पहिल्या पावसात डांबर तेलकट होते तवा त्याचं काम कळते.

पाच फूट दोन :
एक मुद्दा पुरुषमंडळींच्या लक्षात येत नाही. सीट दोन्हींची ८२० मिलिमीटर किंवा त्याच्या थोडी वर. माझा एका वेळी एकच पाय नीट टेकतो, त्यामुळे गाडी पळते किती यापेक्षा थांबल्यावर वजन किती हे महत्त्वाचं. शोरूमला ३९० वर बसून बघितली, चढावर मागे ढकलून बघितली, आणि २०० घेतली. सोसायटीचं पार्किंग उताराचं आहे, समोर कुणाची तरी स्कूटर लावलेली असतेच, तिथे रोज सकाळी सीसी नाही मोजत कुणी. मी कर्नाळ्यापर्यंत ग्रुपबरोबर जाते, ३९० वाले पुढे जातात आणि चहाला थांबलेले सापडतात.

गॅरेजवाला, नाशिक :
सेकंडहँडचं विचारलंय म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे एबीएस, जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय. १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ ला. त्याच्या आधीच्या बऱ्याच आरसी २०० ना एबीएस नाही, ३९० ला मात्र सुरुवातीपासून आहे. ॲक्टिव्हावरून येणारा मुलगा असेल तर बिनएबीएसची २०० कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, इथे सीसीचा प्रश्नच येत नाही.

दुसरं, ३९० पडलेली असण्याची शक्यता जास्त धरून चला, गाडीचा दोष नाही, घेणाऱ्याचं वय. नवीन प्लास्टिक बघून भुलायचं नाही. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि जिथे ते अडतं त्या लोखंडी टोकाचा रंग बघा. टोक चेपलेलं किंवा ताजं रंगवलेलं असेल तर समोरून आपटलीये. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा, मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलच्या दांड्यातली बेअरिंग) गेलाय. चेनकिटचे दात एका बाजूला झुकलेत का बघा. रेडिएटरच्या जाळीत खडे बसून पातळ पट्ट्या आडव्या झाल्यात का बघा. गाडी चालू करून फॅन लागेपर्यंत जागेवर उभी ठेवा, मालक चुळबुळ करायला लागला तर समजून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर रोजच्या सर्व्हिसिंगमध्ये फार फरक नाही. फरक पडतो मागच्या टायरला, चेनकिटला आणि क्लच प्लेटला, ३९० ते लवकर खाते. पण मारून वापरलेल्या २०० पेक्षा जपून वापरलेली ३९० माझ्याकडे कमी वेळा येते, तेव्हा किलोमीटर बघण्याआधी आधीचा मालक बघा.

हिशेबी :
आणि मालक बघून झाला की कागद. आरसी बुकावर बँकेचा बोजा दिसला तर नुसती एनओसी घेऊन समाधान मानू नका, फॉर्म ३५ देऊन बोजा उतरलेला दिसला पाहिजे. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, सही आपल्यासमोर. गाडीच्या नंबरवर ई-चलान थकलेत का ते पैसे द्यायच्या आधी ऑनलाइन बघा, ३९० असेल तर दोनदा बघा.