पिशवी विसरतो एक, दंड भरतो दुसरा?

वाटसरू (धागालेखक)

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांची मुदत संपताच २३ जूनपासून दंडवसुली सुरू झाली. त्या पावसाळ्यात आमच्या मंडईत जो तो काखेत कापडी पिशवी घेऊन फिरत होता. दिवाळीपर्यंत त्या पिशव्या पुन्हा दाराआडच्या खिळ्याला जाऊन लटकल्या. कायदा आजही आहे, पण पाव किलो मिरच्या घेऊन "एक पिशवी द्या ना" म्हणणारा सुशिक्षित ग्राहकही आहेच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत नाल्यांच्या तोंडाशी पिशव्यांचे बोळे अडकून पाणी तुंबले, ते पाहिलेल्या पिढीला तरी आणखी पुरावा कशाला हवा? माझ्या मते ही जबाबदारी मागणाऱ्याची आहे, आणि पिशवी विसरली असेल तर भाजी न घेता घरी परतण्याची शिक्षा प्रत्येकाने स्वतःला करून घ्यावी.

हिशेबनीस

आपली तळमळ पटते, परंतु निदान अर्धवट वाटते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातच समुद्राला भरती होती आणि मिठी नदीचे पात्र भराव व अतिक्रमणांनी आधीच आवळले गेले होते. पिशव्यांनी त्यात भर घातली हे खरे, पण सगळे खापर त्यांच्यावर फोडले की भराव घालणारे आपोआप सुटतात.

बंदीचेही तसेच. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, आणि तो बसतो दिवसभरात तेवढ्या रुपयांची विक्रीही न होणाऱ्या भाजीवालीला. बिस्किटे, वेफर्स कारखान्यातूनच प्लास्टिकच्या वेष्टनात येतात, त्यांना मात्र सूट. पुढे केंद्राने पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. ती मोजायला भाजीवालीने मायक्रोमीटर घेऊन बसावे काय? पातळ पिशवी बाजारात येते याचा अर्थ ती कुठल्यातरी यंत्रावर तयार होते. त्या यंत्राला कुलूप लावण्याऐवजी ग्राहकाच्या सदसद्विवेकबुद्धीला हाक मारणे उत्पादकाला फारच सोयीचे आहे.

माजघर

मी गेली काही वर्षे मासळीला स्टीलचा डबा नेते. पहिल्या दिवशी कोळीणबाई हसल्या, आता त्या स्वतःच "डबा आण" म्हणून हात पुढे करतात. तेव्हा सवय लागते, याबद्दल धागालेखकांशी मी सहमत आहे.

मात्र येथे कोणी न मांडलेला एक मुद्दा मांडते. ज्याला आपण वैयक्तिक जबाबदारी म्हणतो, ती बहुतेक घरांत एकाच व्यक्तीची असते. पिशव्या धुणे, वाळवणे, घड्या घालणे, बाहेर पडणाऱ्याच्या हातात आठवणीने देणे, डब्याचा वास घालवणे, दुधाच्या पिशव्या स्वच्छ करून भंगारवाल्यासाठी साठवणे ही सारी कामे कोण करते, ते प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे आणि मगच "आम्ही प्लास्टिक सोडले" असे लिहावे.

तराजू

कापडी पिशवीही निष्पाप नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासानुसार सुती पिशवी केवळ हवामानबदलाच्या निकषावर साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी, खते वगैरे सर्व निकष धरले तर सुमारे ७,१०० वेळा. लग्नात अहेर म्हणून मिळालेल्या, वधूवरांची नावे छापलेल्या पिशव्या ज्यांच्या कपाटात डझनाने पडून आहेत, त्यांनी हा आकडा जरूर वाचावा. त्यांतल्या कित्येक कापडासारख्या दिसतात, पण असतात पॉलिप्रोपिलिनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच.

वाटसरू (धागालेखक)

तराजू, आकडा मान्य, पण त्या हिशेबात उघड्यावर पडलेल्या पिशवीने तुंबणारे गटार आणि ती चघळणारी गाय धरलेली नाही. शिवाय आमची पिशवी जुन्या पँटची शिवलेली आहे; तिच्यासाठी नव्याने कापूस पिकवावा लागला नव्हता.

हिशेबनीस, दंडाविषयीचे आपले म्हणणे मी स्वीकारतो. तो आधी कारखान्यावर बसायला हवा. तरीही कारखान्याला कुलूप लागेपर्यंत मी पिशवी मागत राहावे, हे मला पटत नाही, कारण त्या यंत्राचे गिऱ्हाईक शेवटी मीच आहे.

माजघर, आपला प्रतिसाद वाचून उत्तर लिहिण्याआधी एकदा स्वयंपाकघरात जाऊन आलो. आमची ती पँटची पिशवी धुतल्यावर कुठे वाळत घालतात, हे मला पत्नीला विचारावे लागले.