पिल्लू उचललं ते चुकलं का? (सोसायटीत दोन तट पडलेत)

गच्चीवाली:
आज सकाळी साडेसातला दूध आणायला खाली उतरले तर पार्किंगमध्ये स्कूटरच्या चाकाशी बुलबुलाचं पिल्लू बसलेलं. अंगभर पिसं होती पण शेपटीच्या नावाने नुसता ठिपका, आणि चोचीच्या कडा पिवळ्या. आईबाप कुठेच दिसेनात, पाचेक मिनिटं तिथेच उभी राहिले, तेवढ्यात बी विंगचा बोका डुलत डुलत आला आणि मग मी काही विचार केला नाही, ओढणीत गुंडाळून सरळ वर आणलं, बुटाच्या खोक्यात ठेवलंय. आता तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात ही मदत नाही, तू पिल्लू पळवलंस, निसर्गात ढवळाढवळ करायची नाही. माझं म्हणणं, बोक्यासमोर सोडून येण्याला निसर्ग म्हणायचं तर तो बोका तरी कुठे निसर्गातला आहे, त्याला रोज तीन घरांतून दूध मिळतं. बोला.

पायवाट:
सॉरी पण काकांचं बरोबर आहे. अंगभर पिसं आणि आखूड शेपूट म्हणजे ते पडलेलं नाही, स्वतःहून घरटं सोडून निघालेलं आहे. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून आली की दोनेक आठवड्यांत बाहेर पडतात आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं, काही दिवस अशीच जमिनीवर, कुंड्यांत, झुडपात उड्या मारत काढतात. आईबाप ती असतील तिथे येऊन भरवतात. तुम्ही पाच मिनिटं शेजारी उभ्या होतात म्हणूनच ते आले नसणार. लांब, खांबाआड जाऊन तासभर थांबायचं. खोक्यातलं पिल्लू आजच्या आज खाली न्या, ते अजून ओरडत शोधत असतील त्याला.

वऱ्हाडी_ठेचा:
तासभर थांबायचं म्हणे! नागपूरला या मे महिन्यात, ४५ डिग्रीत डांबरावर पडलेल्या पिल्लासमोर तासभर थांबून दाखवा. आमच्याकडे टिनाच्या शेडखालच्या घरट्यांतून पिल्लं उन्हानं कासावीस होऊन वेळेआधीच उड्या टाकतात, पिसं पण नसतात धड. ती काही उडायला शिकायला निघालेली नसतात. घारीचं पिल्लू, पाकोळीचं पिल्लू, सगळे येतात खाली. आम्ही उचलतो, सावलीत खोक्यात घालतो आणि सेमिनरी हिल्सला वनविभागाच्या ट्रान्झिट सेंटरला, जखमी पशुपक्ष्यांवर उपचार करतात तिथे, नेऊन देतो. आमचं काय चुकलं सांगा.

पायवाट:
काहीच नाही चुकलं. पिसं नसलेलं, लालगुलाबी, डोळे मिटलेलं पिल्लू किंवा उन्हाने धापा टाकणारं, जखमी पिल्लू ही वेगळी केस आहे. मी बोलतोय धडधाकट, पिसंवाल्या पिल्लाबद्दल. लोक दोन्हीला एकच समजतात आणि तिथेच घोळ होतो.

आजीची_नात:
पण एकदा माणसाचा हात लागला की मग उपयोग काय? आमची आजी सांगायची की माणसाने शिवलेल्या चिमणीला बाकीच्या चिमण्या टोचून टोचून मारतात. म्हणजे परत ठेवलं तरी आई घेणार नाहीच ना? मग आणलंय तर घरीच वाढवावं की.

कढीपत्ता:
ही टोचून मारायची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक आजीने सांगितलेली आहे आणि ती चूक आहे, आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून. बहुतेक पक्षी आपलं पिल्लू वासाने ओळखत नाहीत, त्याची हाक ऐकून येतात. आमच्या खिडकीतल्या घरट्यातलं उघडं पिल्लू मी स्वतः उचलून परत आत ठेवलंय, दहा मिनिटांत आई चोचीत नाकतोडा घेऊन हजर.

चौथी_ब:
घरी वाढवण्यावरून सांगतो. लहानपणी साळुंकीचं पिल्लू आणलं होतं. दुधात पोळी कुस्करून भरवली आणि ताप आल्यावर आपल्याला देतात ना तसं ड्रॉपरने पाणी पाजलं. तेवढं केलं म्हणून केवढा अभिमान वाटला होता, आणि रात्रीच गेलं ते, परसात प्राजक्ताखाली पुरलं. खूप वर्षांनी एका पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, वरून टाकलेलं पाणी सरळ आत फुफ्फुसात जातं. आणि दूध पक्ष्यांना पचत नाही. म्हणजे आम्ही वाचवलं तसं मारलंच. गच्चीवाली, प्लीज काहीही पाजू नका.

मैनावती:
मी मात्र वाढवलीये साळुंकी आणि ती जगली! दर अर्ध्या तासाला भरवायचं, पहाट ते अंधार पडेपर्यंत, ऑफिसमधून रजा टाकली होती, सातूचं पीठ, उकडलेलं अंडं, नाकतोडे पकडायला पोरं लावली होती. सगळ्यांचं पिल्लू मरतं असं नाही. माझ्या खांद्यावर बसून चहा प्यायला यायची. गणपतीत उडून गेली, आता झाडावर असेल कुठेतरी. उगाच घाबरवू नका लोकांना.

वऱ्हाडी_ठेचा:
ताई मेहनतीला सलाम. पण जी साळुंकी खांद्यावर बसते ती कुणाच्याही खांद्यावर बसते, पोरांच्या, कुत्र्यासमोरच्या माणसाच्या. तिला आळशी मांजर आणि शिकारी मांजर यातला फरक कोणी शिकवला? तुम्ही भरवलं, शिकवलं नाही ना. ती झाडावर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का वाटतंय?

मैनावती:
वाटतंय. मग काय झालं? तुमच्या सेंटरमध्ये दिलेली सगळी जगतात काय, तेही तुम्हाला वाटतंच ना.

कढीपत्ता:
भांडू नका. पण ताई, एक लक्षात घ्या, आपल्याकडचे रानपक्षी घरी ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पोपट पाळणाऱ्या अर्ध्या महाराष्ट्राला हे माहीत नाही. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, सुटका करायची असेल तर तिथे फोन करायचा, ते पुढे पाठवतात.

लेस्टरकर:
इकडे इंग्लंडात पक्ष्यांच्या मोठ्या संस्थेचं, आरएसपीबीचं म्हणणं हेच आहे की पिसंवालं पिल्लू जिथे आहे तिथेच सोडा, फारतर रस्त्यावरून उचलून जवळच्या झुडपात ठेवा. आधी मलाही दगडाच्या काळजाचे वाटले होते हे लोक.

वऱ्हाडी_ठेचा:
तुमच्या गल्लीत १४ भटकी कुत्री नाहीत. तिथलं झुडूप म्हणजे झुडूप, इथलं झुडूप म्हणजे कंपाउंडला टेकलेला कचरा.

लेस्टरकर:
कुत्री नाहीत, पण मांजरं ढीगभर आहेत, घरोघरी. आणि अर्धा वर्षभर पाऊस.

आंबेबन:
माझा अनुभव उलटाच आहे. गेल्या जूनमध्ये अंगणात एक काळं पिल्लू आणि भोवती कावळ्यांचा आरडाओरडा. आम्हाला वाटलं कावळे त्याला मारतायत, तासभर काठी आपटून हाकलले, पोरं दगड घेऊन उभी. मग शेजारचे पक्षी बघणारे काका धावत आले, म्हणाले अरे थांबा, ते कोकिळेचं पिल्लू आहे, कावळीनेच वाढवलंय, ते कावळे त्याला भरवायला आलेत. आम्ही बाजूला झालो, पिल्लाने चोच उघडली आणि कावळी घास कोंबून गेली! तासभर आम्ही त्याचं जेवण अडवून धरलं होतं आणि मनात मात्र आम्ही त्याचे तारणहार.

गच्चीवाली:
अपडेट. सगळं वाचून दुपारी खाली नेलं. पार्किंगच्या कोपऱ्यात जास्वंद आहे, तिच्या फांदीला भाजीची छोटी टोपली सुतळीने बांधली, खाली कापड घातलं आणि पिल्लू त्यात ठेवलं. जिन्याच्या जाळीमागे लपून बसले, घाम नुसता. चाळीस मिनिटांनी दोन बुलबुल आले. आधी माझ्या दिशेला बघून टकटक शिव्या दिल्या, मग एकाने भरवलं. मी रडले की काय ते कोणाला सांगू नका. पिल्लू लगेच टोपलीतून बाहेर पडून फांदीवर जाऊन बसलं, म्हणजे टोपलीची गरजच नव्हती त्याला.

पण मी मागे हटत नाही. सकाळी बोका दोन हातांवर होता. तेव्हा मी खांबाआड उभी राहिले असते तर आता टोपली कोणाला बांधली असती?

पायवाट:
बोक्याला हाकलायचं, पिल्लाला नाही.

बी_विंग_४०२:
बोका माझा आहे. आणि सकाळी साडेसातला तो घरात झोपलेला होता.

गच्चीवाली:
४०२, पांढरा, डाव्या कानाला काळा डाग. फोटो आहे माझ्याकडे.

बी_विंग_४०२:
बरं. जून संपेपर्यंत सकाळी नऊपर्यंत दार लावून ठेवते. पण त्याच्या दुधाचं काय ते तुम्ही तीन घरांनी ठरवा.